गावातल्या पोरांचा गट बांधायचाय, पण सतरंज्या उचलणारे तयार व्हायला नकोत

दुधनाकाठ (प्रश्न)

रामराम मंडळी. सेलू तालुक्यातलं गाव, साडेतीनशे उंबरे. १४ पोरं-पोरी एकत्र यायलेत, वय १६ ते २१, त्यात पाच मुली. कुणी बारावीला, कुणी आयटीआयला, दोघं परभणीला कॉलेजात. तिघांच्या घरचे दरसाल ऊसतोडीला जातात. "गावासाठी काहीतरी करू" एवढंच ठरलंय. यादी मात्र लांबलचक: १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी रक्तदान शिबिर, ५०० झाडं, गावची स्वच्छता, वाचनालय.

मला मोठा म्हणून मधी घेतलंय. असे गट आजूबाजूच्या गावांत निघतात आणि वर्षभरात एक तर फुटतात, नाहीतर कुण्या पुढाऱ्याच्या सभेला सतरंज्या टाकायला-उचलायला आयती माणसं मिळतात. दोन्ही नको. म्हणून विचारतो:

ज्यातून पोरगं खरंच घडेल असं काम कोणतं? पुढारपण कुणाकडं द्यायचं? (सरपंचाचा पुतण्या आतापासूनच मधल्या खुर्चीवर बसायलाय.) पैसे कसे सांभाळायचे? आणि घरचे म्हणतात, "यातून काय मिळणार, अभ्यास बुडायलाय", त्यांना काय सांगायचं?

भाषण नको. करायचं काय ते सांगा.

---

शिवारफेरी

यादी आधी बाजूला ठेवा. कामं वाईट नाहीत, पण ती एका सकाळी "झाली" असं वाटणारी आहेत. ५०० झाडं लावायला तीन तास पुरतात. जगवायला फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत झाडामागं आठवड्याला १० ते १५ लिटर पाणी लागतं, म्हणजे दर आठवड्याला ५,००० लिटरचा एक ते दीड टँकर. उन्हाळ्यात माणसांनाच टँकर लागणाऱ्या मुलखात तो कोण देणार? पुढच्या जुलैला त्याच खड्ड्यांत पुन्हा झाडं लागतात आणि पोरं एकच गोष्ट शिकतात: लावायचं असतं, जगवायचं नसतं. लावायचीच तर १४ लावा. माणशी एक, ज्याच्या त्याच्या घराजवळ. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्यायचा, कडुनिंब, चिंच किंवा करंज लावायचं, भोवती बाभळीच्या काट्याचं कुंपण करायचं. सुगी झाली की जनावरं मोकळी सुटतात आणि निम्मी झाडं तेव्हाच जातात, पाण्यावाचून नव्हे.

पोरगं घडवणारं काम दर महिन्याला परत करावं लागतं आणि त्यात चूक झाली तर ती उघडी पडते. मला या मापात बसणारं सगळ्यात स्वस्त काम वाटतं ते शिवारातल्या विहिरींची पाणीपातळी मोजणं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्यात तुमच्या गावातली एखादी असेल किंवा नसेलही. पोरांनी सहा विहिरी धराव्यात, दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला. ओढ्याकाठच्या दोन, माळावरच्या दोन, गावठाणाजवळच्या दोन.

सामान: ३० मीटरची पोलादी टेप, टोकाला बांधायला लोखंडी नट, खडू, वही.

काठावर एक जागा कायमची ठरवायची. टेपचा सुरुवातीचा एक मीटर कोरडा पुसून खडू फासायचा. पाणी साधारण कुठं आहे याचा अंदाज घेऊन टेप अशी सोडायची की काठाच्या खुणेवर पूर्ण आकडा यावा, समजा ९ मीटर. वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. ३५ सेंटीमीटर भिजला असेल तर पाणी ९ वजा ०.३५, म्हणजे खुणेपासून ८.६५ मीटरवर. कठडा ७५ सेंटीमीटरचा असेल तर तोही वजा करायचा. जमिनीपासून ७.९० मीटर, हा आकडा वहीत. नट शून्याच्या खाली लोंबतो, तो मोजायचा नाही. ही चूक पहिल्या महिन्यात हमखास होते.

दुसरी चूक वेळेची. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजलं तर पाणी उतरलेलं दिसतं. "सकाळी लवकर मोजा" हा पुस्तकी सल्ला इथं पुरत नाही, कारण थ्री फेज लाईट रात्रीची असेल तर रात्रभर मोटर चालून सकाळीच पाणी सगळ्यात खाली असतं. म्हणून वहीत एक जादा रकाना: मोटर किती वाजता बंद केली. तो भरायचा तर शेतकऱ्याशी बोलावं लागतं. सोळा वर्षांच्या पोराला आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाच्या आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) जाऊन "काका, रात्री मोटर किती वाजेपर्यंत चालली?" असं विचारता येणं, हे कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरापेक्षा मोठं शिक्षण आहे.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणीतरी घरी बसून आकडा भरणारच. रागावू नका, व्यवस्था करा. दर महिन्याला चिठ्ठी टाकून एक विहीर काढायची, ती दुसऱ्या जोडीनं त्याच दिवशी परत मोजायची. दोन्ही आकड्यांत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही जोड्या एकत्र जाऊन तिसऱ्यांदा मोजणार. "या महिन्यात मोजलं नाही" असं वहीत लिहायला पूर्ण परवानगी ठेवा. खोटा आकडा भरण्यापेक्षा रिकामा रकाना सोडायची लाज वाटेनाशी झाली की समजा पोरगं मार्गी लागलं. शाळेत आपण बरोबर उलटं शिकवतो, रकाना रिकामा ठेवायचा नाही.

धोका विसरू नका. कठडा नसलेली विहीर यादीत घ्यायचीच नाही. एकट्यानं जायचं नाही. ओणवं होऊन बघायचं नाही. पाऊस चालू असताना नाही.

सोबत शाळेच्या मैदानात एक पर्जन्यमापक ठेवा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हे गणित पोरांना फळ्यावर करू द्या. गावाच्या क्षेत्रफळानं गुणल्यावर जो आकडा येतो तो बघून पहिला प्रश्न आपोआप येतो: मग एवढं पाणी गेलं कुठं?

श्रमदान त्याच्यानंतर. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावांनी पाणी अडवायची स्पर्धा, पहिल्यांदा झाली तेव्हा तीन तालुके होते, त्यातला एक अंबाजोगाई. तिथं आधी गावकऱ्यांचं प्रशिक्षण होतं, कुदळ नंतर. हा क्रम महत्त्वाचा. ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० खोल असा सलग समतल चर (उताराला आडवा, सगळीकडं एकाच पातळीवरचा) १० मीटर खणला तर १.८ घनमीटर माती निघते आणि एका भरण्यात १,८०० लिटर पाणी थांबतं. पण रेषा समतल नसेल तर सगळं पाणी खालच्या टोकाला धावतं, तिथं चर फुटतो आणि खाली घळ पडते. म्हणजे श्रमदानानं जमीन वाहून जाते. हायड्रोमार्कर (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पातळी बघायचं साधन) किंवा ए-फ्रेमनं (A आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) रेषा आखता आल्याशिवाय कुदळ उचलू देऊ नका. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर हायड्रोमार्करही खोटं बोलतो, हेही आधीच दाखवा.

---

सात_दिवसांचं_शिबिर

वरच्या कामाला माझा पाठिंबा. मी पुढारपणावर बोलतो.

मधल्या खुर्चीचा उपाय सोपा आहे, खुर्च्याच काढा. गोल बसा आणि अध्यक्ष, उपाध्यक्ष ही पदं ठेवूच नका. ती मंडळाची भाषा आहे. पद आलं की बॅनरवर फोटो येतो, फोटो आला की मोठा कुणाचा यावरून गट फुटतो. त्याऐवजी चार कामं ठेवा: बैठक बोलावणारा, हिशोब ठेवणारा, सामान सांभाळणारा, नोंद लिहिणारा. दर दोन महिन्यांनी बदल. वर्षाला २४ पाळ्या होतात, म्हणजे १४ जणांत प्रत्येकाला किमान एक आणि दहा जणांना दोन. सरपंचाच्या पुतण्याला पहिल्या पाळीत सामान द्या. कुदळी किती नेल्या, किती आल्या, टेप कुणाकडं आहे. त्याला ते जमलं तर तो खरंच कामाचा आहे, आणि नाही जमलं तर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

पाळी बदलताना आधीच्यानं नव्याबरोबर एक बैठक एकत्र करायची, वही हातात द्यायची, दोघांनी सही करायची. या पाच मिनिटांवर सगळं अवलंबून आहे. वही "घरी राहिली" असं ऐकू आलं की पुढची बैठक त्याच्या घरी घ्या.

बैठक ४५ मिनिटं, जास्त नाही. सुरुवातीला मागच्या बैठकीतली कामं वाचायची, प्रत्येक कामापुढं नाव आणि तारीख. "आपण सगळे करू" असं वहीत लिहायला बंदी. सगळे म्हणजे कुणीच नाही. नवीन विषयावर सगळ्यात धाकट्यापासून बोलायला सुरुवात करायची, कारण दादा लोक आधी बोलले की बाकीचे "बरोबर आहे" म्हणून मोकळे होतात. तुम्ही सगळ्यात शेवटी, तेही विचारलं तर.

तुम्ही कुठं थांबायचं आणि कुठं आडवं यायचं, हे आजच कागदावर लिहून ठेवा. शंभर-दोनशे रुपयांचं नुकसान, फसलेला कार्यक्रम, रिकामी बैठक, चुकीचं लिहिलेलं पत्र हे होऊ द्या. पंचायतीला दिलेल्या अर्जात तारीख राहिली म्हणून अर्ज परत आला की पुढच्या वेळी तारीख राहत नाही. विहीर, वीज, रस्त्यावरची वाहतूक, पुराचं पाणी, मुलींची सुरक्षितता आणि कुणाच्या जातीवरून निघालेला शब्द, इथं मात्र लगेच हस्तक्षेप. अतिवृष्टी झाली तर १६-१७ वर्षांच्या पोरांनी पाण्यात उतरायचं नाही. त्यांनी घरनिहाय यादी करायची: कोण म्हातारं एकटं आहे, कुणाकडं तान्हं बाळ आहे, कुणाचं औषध रोजचं आहे. बाहेरून मदत येते तेव्हा गावात नेमकी हीच यादी नसते आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारात गाडी उभी राहते.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. तुमच्या सतरंज्या तिथंच बसतात. वरची पायरी मात्र "मोठ्यांनी बाजूला व्हा" अशी नाही. मुलांनी सुरू केलेलं काम आणि निर्णय मोठ्यांबरोबर मिळून, ती आठवी पायरी. तेव्हा सगळं पोरांवर सोडून तुम्ही पारावर जाऊन बसलात तर तेही चूक.

अभ्यासाबद्दल. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर अपेक्षित असतं. हेच माप घ्या. आठवड्याला तीन तास गुणिले ४० आठवडे, झाले १२०. उरलेले १२ आठवडे परीक्षा आणि सणवाराला सुटी. घरच्यांना हा आकडा सांगा आणि पाळा. बारावीवाल्यांना डिसेंबर ते मार्च पूर्ण मोकळं ठेवा, त्यांनी मागितलं नाही तरी. रात्री अकराला फोन करून पोरांना बोलावणारा गट घरच्यांच्या मनातून पहिल्याच महिन्यात उतरतो.

"काय मिळणार" याचं उत्तर प्रमाणपत्रानं देऊ नका. कॉलेजातले दोघं राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालतील तर नव्या शैक्षणिक धोरणात तिथले तास सहशैक्षणिक श्रेयांकात (क्रेडिटमध्ये) धरायची सोय आहे, कॉलेजात विचारा. बाकीच्यांच्या आईबापांना वही दाखवा. पोराच्या हातचं पत्र, पोराच्या हातचा हिशोब.

---

रोजकीर्द

पैशाचं थोडक्यात सांगतो.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदवायला किमान सात सज्ञान माणसं लागतात, पुढं दरवर्षी हिशोब तपासून दाखल करणं आलं, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. तो न भरल्यानं कागदावर जुनेच विश्वस्त राहतात आणि मग भांडणं कोर्टात जातात. पहिली दोन वर्षं गट म्हणूनच चालवा. मात्र पावती पुस्तक घेऊन लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडं आधी जावं लागतं. गणेश मंडळं घेतात तीच परवानगी.

तुमच्या कामाला बाहेरची वर्गणी मुळात लागतच नाही. टेप, नट, खडू, दोन वह्या, पर्जन्यमापक. १४ जणांनी महिन्याला २० रुपये काढले तर २८०, वर्षाला ३,३६०. एवढ्यात भागवा. तिघा ऊसतोड घरांतल्या पोरांकडून घेऊ नका, पण तसं जाहीरही करू नका. हिशोबवाल्यानं डबा फिरवायचा, कुणी किती टाकले ते बघायचं नाही, फक्त एकूण मोजायचे. मग ३,३६० भरणार नाहीत, भरतील तेवढ्यात काम.

फोन पेचा क्यूआर कोड एकाच्या नावाचा असतो, भांडण तिथून सुरू होतं. गटाचे आणि घरचे पैसे एका खात्यात आले की शंभर रुपयांचा घोळ निघतो, चोरी नसते पण वास चोरीचाच येतो. रोख डब्यात ठेवा. डबा एकाकडं, चावी दुसऱ्याकडं. ५०० रुपयांच्या वर शिल्लक गेली की दोन मोठ्या माणसांच्या संयुक्त खात्यात, दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही असं. त्यातला एक तुम्ही असाल तर दुसरी व्यक्ती तुमच्या भावकीतली नसावी.

वहीत प्रत्येक ओळीला तारीख, कशासाठी, जमा, खर्च, शिल्लक. शिल्लक रकाना दर ओळीला, महिन्याच्या शेवटी नाही. पावती मिळत नसेल (हमालाला दिलेले ३० रुपये) तर साधा कागद, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, गटातल्या दुसऱ्या एकाची सही. बैठकीत डबा सगळ्यांसमोर मोजायचा. कमी निघाले तर "कमी निघाले, ३० रुपये" अशी ओळ लिहायची, स्वतःच्या खिशातून गुपचूप भरायचे नाहीत. गुपचूप भरणारा पोरगा प्रामाणिक वाटतो, पण तो हिशोब खोटा करत असतो. त्याला हा फरक कळला तर उद्या बचत गटात, सोसायटीत, पंचायतीत कुठंही बसू शकेल.

महिन्याचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारी एक पान चिकटवा. कुणी नावं ठेवली तरी ठेवू दे. पुढाऱ्याचे टी-शर्ट, बॅनर, "माझ्याकडून ५,०००" घ्यायचे नाहीत. ज्याचा टी-शर्ट त्याची सतरंजी.

---

ओट्यावरची_ताई

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण पाच मुलींचं काय होणार ते मला आताच दिसतंय: पोरं विहिरीवर जाणार आणि मुलींचं अक्षर छान म्हणून त्या वही लिहिणार. चार कामं फिरती ठेवलीत तशी मोजणीही फिरती ठेवा. मुलींच्या दोन जोड्या आणि पाचवी दोन्हींत आलटून-पालटून, गावठाणाजवळच्या विहिरी त्यांच्याकडं, सोबत विहीरमालकाच्या घरातली बाई. टेप सोडायला अक्षर लागत नाही.

जागा आणि वेळ ठरवताना विचार करा. बैठक पारावर ठेवली तर मुली पहिल्या दिवशीच गळतील. पारावर गावातल्या बायका बसत नाहीत, हे न सांगता सगळ्यांना माहीत असतं. मारुतीच्या देवळाचा ओटाही तसाच, आणि काही घरांना तो वेगळ्या कारणानं जवळचा वाटत नाही. शाळेची खोली किंवा अंगणवाडी घ्या, किंवा एकदा या वस्तीत, एकदा त्या वस्तीत. वेळ दुपारी चार ते पाच. पाणी भरायची आणि स्वयंपाकाची वेळ टाळा. अंधार पडायच्या आत मुली घरी, हे पहिल्या बैठकीत जाहीर करा, म्हणजे दर वेळी मुलीला उठायला संकोच वाटणार नाही.

घरी परवानगी मागायला तुम्ही एकट्यानं जाऊ नका. गटातली दुसरी मुलगी आणि तिची आई घेऊन जा, आणि बापाशी बोलण्याआधी आजीशी बोला. बऱ्याच घरांत शेवटचा शब्द तिचा असतो. मुलींचे फोटो व्हॉट्सअप गटात टाकायचे नाहीत, समारंभाचेही नाहीत. एका फोटोवरून मुलीचं येणं बंद होतं आणि मग तिला परत आणता येत नाही.

उत्साहात एक गोष्ट होऊ शकते म्हणून आधीच सांगते. गावात अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं की पोरं "आपण जाऊन थांबवू" म्हणतात. अजिबात नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करायचा, तो चोवीस तास आणि मोफत आहे. २००६ च्या कायद्याखाली गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, जबाबदार असतात. मुलीचं वय, गाव, लग्नाची तारीख आणि ठिकाण एवढं सांगायचं. फोन कुणी केला हे गटातही बोलायचं नाही, वहीत तर नाहीच. पोरं मांडवात जाऊन उभी राहिली तर भांडण गट विरुद्ध भावकी असं होतं आणि मुलगी दुसऱ्या गावी नेऊन उजवली जाते. काही कामं गाजावाजा न करताच करायची असतात, हेही नेतृत्वातच येतं आणि ते शिकवायला सगळ्यात अवघड.

शेवटचं, ऊसतोडीवाली तिघं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तुमचं वर्ष जूनपासून धरा आणि त्यांच्या पाळ्या जून ते सप्टेंबरमध्ये लावा. ती आईबापाबरोबर जाणार असतील तर त्यांना "गळाली" म्हणू नका, त्यांचं नाव यादीत राहू द्या आणि परत आल्यावर वही वाचून दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे सप्टेंबरातच शाळेत जाऊन विचारा की यंदा हंगामी वसतिगृहाचा (आईबाप तोडीला गेल्यावर मुलांची गावातच सोय) प्रस्ताव गेला का, कोणती मुलं मागं राहू शकतात. धाकट्या भावंडांची अशी यादी करून मुख्याध्यापकांना देणं, हे काम त्या तिघांपेक्षा चांगलं कुणालाच जमणार नाही. कुणाचं घर कधी निघतं आणि कुणाची आजी मागं राहते, हे त्यांना पाठ असतं.

---

पिशवी_नंबर

रक्तदानाचं कुणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. १८ च्या आतल्यांना रक्त देता येत नाही, म्हणजे तुमच्या गटातले काही आधीच बाहेर. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना दोन दानांत तीन महिने आणि बायकांना चार महिने अंतर. गावात तपासणी केली की हिमोग्लोबिनमुळे बऱ्याच मुली-बायका परत फिरतात. त्यांना हसतखेळत "नापास" म्हणू नका. ज्यांना परत पाठवलं त्यांच्या हातात आरोग्य उपकेंद्राचा दिवस लिहिलेली चिठ्ठी द्या, शिबिराचा खरा उपयोग तिथंच होतो.

तारीख बदला. साध्या पिशवीतल्या लाल पेशी ३५ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. गणपती आणि १७ सप्टेंबरच्या सुमारास सगळीकडं शिबिरं होतात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, ऊन, लग्नसराई, तेव्हा रक्तपेढ्या फोन करत फिरतात. परवानाधारक रक्तकेंद्राला विचारा, "तुम्हाला कधी आणि किती पिशव्या हव्यात?" ते ३० म्हणाले तर ३०. शंभराचा आकडा बॅनरवर चांगला दिसतो, फ्रीजमध्ये नाही.

---

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. काल शाळेत बसलो, गोल, खुर्च्या न घेता. यादी वाचून दाखवली, पोरांनीच तीन कामं खोडली. सहा विहिरी ठरल्या, पैकी एकीला कठडा नाही म्हणून ती काढून आड घेतला. मुलींच्या दोन जोड्या झाल्या. सरपंचाच्या पुतण्याकडं सामान आलंय, नाराज आहे, पण टेप स्वतः आणली.

दोन शंका. काठावर चुन्यानं खूण केली तर चालेल का? आणि आकडे ग्रामसभेत कुणी मांडायचे? सगळ्यात चांगलं बोलणारी मुलगी १७ ची आहे.

---

शिवारफेरी

चुना पहिल्या पावसात जातो, मग पोरं अंदाजानं दुसरीकडून मोजतात आणि दहा सेंटीमीटरचा फरक पाण्याचा की खुणेचा, कळत नाही. लाल ऑइल पेंट, बोटभर जाड आडवी रेघ, शेजारी विहिरीचा क्रमांक. मालकाला विचारूनच. काही जण नव्या कठड्यावर रंग लावू देत नाहीत, तिथं छिन्नीनं छोटी खाच चालते.

---

सात_दिवसांचं_शिबिर

ग्रामसभेचे सभासद मतदार यादीतलेच असतात, म्हणून ठराव किंवा मागणी १८ वरच्यानं मांडावी. पण नुसते आकडे वाचून दाखवायला सरपंच अध्यक्षस्थानावरून परवानगी देऊ शकतात. आठ दिवस आधी लेखी मागा, पोच घ्या. २ ऑक्टोबरची सभा धरा, रब्बीच्या पेरणीआधीची म्हणून लोक ऐकतील. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जे कमी ते, आणि ती नसली तर सभा तहकूब होते. मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तयारी करून आली आणि सभा तहकूब झाली की तिला वाटेल आपल्यामुळंच. एक पान, सहा विहिरी, जून ते सप्टेंबर चार महिने, २४ आकडे. ज्या महिन्यात मोजलं नाही तिथं "मोजलं नाही" असं तिनंच मोठ्यानं वाचायचं.

---

रोजकीर्द

ऑइल पेंटच्या छोट्या डब्याची पावती घ्यायला सांगा पुतण्याला. आणि टेप स्वतः आणली असेल तर ती देणगी की उसनी, ते आजच वहीत लिहा.